गिरणीच्या सुराचा तंबोरा

मुरुडच्या महादेवप्पांची पिठाची गिरणी, पण नाद मात्र तंबोरा बनवायचा. शेतातला कडू भोपळा वाळवून, सागाची दांडी तासून त्यांनी एकदाचा तो केला आणि गिरणीतच बसून तारा सुरात लावल्या. सोमवारी मठातल्या भजनात मात्र तंबोरा पेटीशी काही केल्या जुळेना. भजनी मंडळी म्हणाली, "खुंट्या पिळा, अप्पा."

"तुमची पेटीच बेसूर हाय," म्हणत अप्पा तंबोरा उचलून तणतणत गिरणीत परतले. बायकोनं, नागम्मानं, नुकतीच दळणासाठी मोटर चालू केली होती. अप्पांनी रागानंच तारा छेडल्या, तर तंबोरा मोटरीच्या घरघरीशी तंतोतंत जुळला.

नागम्मा पदरानं तोंडावरचं पीठ पुसत म्हणाली, "पुढच्या सोमवारी मोटर बी मठात घेऊन जावा."