रॉइसची सही

अमेरिकेत कोलंबिया नदीकाठच्या त्या गव्हाच्या मुलखात मत टपालानं जातं. पाकिटावर सही ठोकायची, पेटीत टाकायचं, झालं. ती सही खरी की खोटी हे जिल्हा कचेरीत अर्लीन बघायची. एकोणीस वर्षं! एका हातात पाकीट, समोर संगणकाच्या पडद्यावर मतदार नोंदणीतली जुनी सही, आणि बघता बघता बाईची तंद्री लागायची. सह्यांमधून माणसं उठून यायची. घटस्फोटानंतर कुणाचं आडनाव आखडलेलं, दारू सुटल्यावर कुणाची ओळ सरळ झालेली. पण हळवी असली तरी कामात कडक हो! सख्ख्या भावाची सही तिनं एकदा परत धाडली, तो वर्षभर बोलला नाही.

यंदा टीव्हीवर उठताबसता एकच बोंब होती, मेलेली माणसं मतं टाकतात म्हणून. त्यामुळे कचेरीत पट्टी आखून पलीकडे पक्षांचे निरीक्षक बसवले होते. त्यातला डेल, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, हातात वही घेऊन रोज हजर.

"अर्लीन, डुलकी लागली की काय?"

"तुझी सही स्वप्नात आली रे. कोंबडी कागदावर नाचून गेल्यासारखी."

डेलसुद्धा हसला. तेवढ्यात रॉइस टॅकेटचं पाकीट तिच्या हाती आलं.

सही वाकडीतिकडी, अक्षरं खोल रुतलेली. पडद्यावरची मात्र डौलदार, पहिल्या अक्षराला मोठा वळसा. कुठंच जुळेना. अर्लीननं पाकीट खाली ठेवलं आणि पडद्याजवळ वाकली. हा वळसा ती ओळखत होती. चर्चमधल्या पाककृतींच्या चिठ्ठ्यांवर, वाढदिवसाच्या कार्डांवर होता तो. आयोनचा! रॉइसची बायको, अर्लीनची जिवाभावाची मैत्रीण, मार्चमध्ये गेलेली. नवऱ्याचा प्रत्येक कागद तीच भरायची. नोंदणीच्या कागदावर, आणि पुढं दर निवडणुकीच्या पाकिटावर, त्याच्या नावाची सहीसुद्धा बयेनं स्वतःच करून टाकलेली, म्हणून आजवर कधी अडलं नाही.

जुळली म्हणावं तर खोटं. नाही म्हणावं तर रॉइसचं मत बाद. बायको गेल्यावर त्यानं एकट्यानं केलेलं पहिलंच काम हे. अर्लीननं पाकीट बाजूला ठेवलं आणि नियमाप्रमाणे त्याला पत्र धाडलं, ओळखपत्र घेऊन ये, सहीचा नवा नमुना दे.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी रॉइस आला. टोपी काढून उभा राहिला.

"अर्लीन, मी खोटा मतदार आहे म्हणे?"

"बस आधी. ही बघ तुझी जुनी सही."

त्यानं पडद्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. खिडकीबाहेर कापलेली शेतं उन्हात पिवळी पडली होती.

"ही तर माझी राणी," तो पुटपुटला.

मग त्यानं पेन उचललं आणि जीभ दातांत धरून तो वळसा गिरवायला लागला. म्हाताऱ्याच्या हातून वळसा हुबेहूब उतरत होता. अर्लीनचा जीव गलबलला. वाटलं, घालू दे त्याला. त्याचंच तर नाव आहे! डेल मान लांब करून बघत होता, पण डेलची पर्वा कुणाला होती?

तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. "रॉइस, ही आयोनची आहे. मला तुझी हवी."

"माझी केली तर ही जाईल ना?"

"कागद राहील. पण यापुढं चालेल ती तुझीच."

रॉइसनं तो कागद सरकवला, कोरा ओढला आणि सावकाश, खोल रुतवत आपलं नाव लिहिलं. लिहून झाल्यावर पेन त्याला खाली ठेववेना.

"दफन केलं तेव्हासुद्धा मला वाटलं नव्हतं गं," तो म्हणाला, "आज गेली ती."

अर्लीननं पाकिटावर 'जुळली' असा शिक्का मारला. डोळे भरून आल्यामुळे तो जरा तिरका पडला.