बॉयलरच्या तोट्या

साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये हवा सोडणाऱ्या बिडाच्या तोट्या ऐन गळीत हंगामात जळून जातात. मग भट्टी विझवायची आणि ती पुरती निवायच्या आत कुणीतरी ओलं पोतं अंगावर घेऊन आत शिरायचं, कारण बाहेर ऊस वाळत असतो. राहुरीकडच्या आमच्या कारखान्यात हे काम माझ्या धाकट्या चुलतभावाकडे आहे. एकदा त्याचा हात कोपरापर्यंत भाजला, तेव्हापासून मी नगरच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत सिरॅमिकच्या तोट्यांमागे लागलो. नुसतं सिरॅमिक कपबशीसारखं फुटतं, म्हणून सिलिकॉन कार्बाइडच्या भुकटीत त्याचेच बारीक धागे गुंफले. धागे असले की भेग सहसा पुढे सरकत नाही. सगळी उमेद मी त्यात घातली.

शेवटी कारखान्याने एका हंगामापुरत्या माझ्या तोट्या बसवू दिल्या. माझी अट एकच होती. तोट्या बसवताना भोवती भरलेला लेप ओला आहे, तेव्हा पहिले दोन दिवस फक्त मंद आच द्या. मॅनेजर ‘हो हो’ म्हणाले.

अग्निप्रदीपनाच्या दिवशी पाहुणे उशिरा आले. पूजा झाली, नारळ फुटला आणि मांडवातली माणसं चिमणीकडे बघत बसली. धूर दिसल्याशिवाय बॉयलर पेटला असं आपल्याकडे कुणी मानत नाही. कुणीतरी भट्टीत उसाचा भुसा वाढवायला सांगितलं. मी उठायला लागलो तर मॅनेजरांनी हात धरला. “बसा सर, तुमचा सत्कार राहिलाय.” माझ्या खांद्यावर शाल पडत होती तेव्हा आत लेपातल्या पाण्याची वाफ होऊन तोट्या फुटत होत्या.

तोट्या उष्णतेने नाही, घाईने फुटल्या, हे मी नंतर सगळ्यांना सांगत फिरलो. “फुटल्या ना? मग झालं तर,” मॅनेजर म्हणाले. कॉलेजनेही काम बंद केलं. सुरुवातीला राग तरी यायचा, आता तोही येत नाही. तास घेतो आणि घरी येऊन पडून राहतो. कशातच अर्थ वाटत नाही.

या हंगामात भावाचा फोन आला. बिडाच्याच तोट्या पुन्हा बसवल्या होत्या.

“दादा, परत जळाल्या. आत्ता आत जायचं हाय. तुजं ते दुसरं कवा हुनार?”

मागून त्याला कुणीतरी हाका मारत होतं. लवकरच होईल, असं मी म्हणालो.

“मंग लई बरं,” तो म्हणाला आणि फोन ठेवून आत गेला.