आईच्या नावामागचा इंटरकूलर

ये, अशी जवळ बस. फोन ठेव आधी. रील बघून गाडीचा इंटरकूलर मागवतात होय गं? विचारायला मी काय मेले होते?

साताऱ्यात इतकी वर्षं रेडिएटरची कामं करते, त्यातलं एका गिऱ्हाइकाचं, निवासचं ऐक. मूळचा विट्याचा, इंदूरला सोनं गाळायचं दुकान. आईला पहिल्यांदाच सोबत न्यायचं होतं. म्हातारी कशीबशी तयार झालेली, आणि नेमका जुन्या टर्बो जीपचा इंटरकूलर फुटला.

टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो. दाबली की हवा तापते. सायकलला पंप मारताना पंपाचं बूड गरम लागतं ना, तसं. तापलेली हवा विरळ, म्हणून गाडीला ओढ नाही. ती गार करतो तो इंटरकूलर, वाऱ्यानं नाहीतर पाण्यानं.

"काकी, पाण्यावरचा बसवा. मित्र म्हणतो लय भारी."

"मित्र येणार हाय का इंदूरपर्यंत?"

तो हसला. म्हटलं, पाण्यावरचा चांगलाच, पण त्याला वेगळा पंप, वेगळा छोटा रेडिएटर. जागा अडचणीची असली तर ठीक. तुला दिवसभर हायवे. वाऱ्यावरचा घे, पुढं जाळीमागं बसवू. वारा फुकट, बिघडायला फारसं काही नाही.

बसवला, चालवून पाहिला. झकास.

दुसऱ्या दिवशी दुपारी मायलेक परत दारात. खंबाटकीच्या बोगद्याआधी चढाला जीप धापा टाकायला लागली, मागं काळा धूर. आई पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. "गाडीच्याच मनात न्हाई मला न्यायचं. घरी, इट्याला सोड."

निवासचं तोंड एवढंसं झालं.

मी पाईप बघितले, क्लॅम्प बघितले. सगळं घट्ट. मग पुढं गेले, तर जाळीवर हा एवढा पत्रा. लाल अक्षरात 'आई ताराबाई'.

"हे कवा लावलं?"

"काल, हितनं गेल्यावर. आई बसणार म्हणून."

"मग वारा कुठनं जाणार? काढ."

"आईचं नाव काढू व्हय, तिच्यासमोर? त्यापेक्षा पाण्यावरचा बसवा."

"त्याचा रेडिएटर पण याच जाळीमागं येतोय, बाबा."

तेवढ्यात म्हातारी खाली उतरली. "काय लिव्हलंय रं?" त्यानं वाचून दाखवलं. तिनं पाटीवरून हात फिरवला.

"मग टपावर लाव की. नाकावर कशापायी? जीव कोंडतोय गाडीचा."

पत्रा टपावर चढला. संध्याकाळी बोगद्यापलीकडच्या शिरवळहून फोन आला. म्हातारीच बोलत होती. "बाई, गाडीचं मन फिरलं."

तर गाडी कुठं चालणार ते आधी बघायचं, इंटरकूलर मग. आणि कुठलाही घेतला तरी त्याच्यापुढची जागा मोकळी ठेवायची.

तू ते मागवलेलं खोकं फोडू नकोस अजून. गाडी घेऊनच ये, या रविवारी जमलं तर बघ. जेवायलाच ये. आणि पुढं काही पाटीबिटी लावली असशील, तर येतानाच काढून ये.