पाणी आलं, पळा!

सणसरचा तो बाजार मी अजून विसरलेलो नाही. नव्वदचं दशक, भर उन्हाळा. मी इंदापूर तालुक्यात फौजदार होतो. दुपारी ग्रामपंचायतीतून ठाण्यात फोन आला, "साहेब, लवकर या. बाजारात चोर धरलाय, लोक जित्ता सोडायचे न्हाईत."

आमची जीप ढकलल्याशिवाय सुरू होत नसे. शिपायांनी ढकलली, निघालो. पोचलो तर पालं आडवी झालेली, टोमॅटोचा चिखल, जिकडंतिकडं चपलांचा खच. कालवा फुटला, पाणी आलं, अशी आरोळी उठली आणि भरला बाजार बघता बघता रिकामा झाला होता. प्रत्यक्षात कालवा शांत वाहत होता. त्या पळापळीत एका सोनाराचा चांदीच्या जोडव्यांचा डबा गेला होता. लोकांनी धरला होता एक मुसलमान बांगडीवाला. पन्नाशीचा माणूस, वर्षानुवर्षं त्याच बाजारात बसणारा. ओठ फुटलेला, सदरा फाटलेला.

सोनार तावातावानं म्हणाला, "समदे पळाले, ह्यो एकटा मागं फिरला. माझ्या पालापुढनं जाताना म्या बघितला. आरोळी ह्यानंच ठोकली."

जमाव पांगायला तयार नव्हता. बांगडीवाल्याला जीपमध्ये शिपायांच्या मधोमध बसवून ठाण्यात आणलं. आधी चहा पाजला. घाबरलेल्या माणसाकडून खरं निघत नाही, निघतं ते भीतीनं वदवलेलं.

"चाचा, मागं का फिरलात?"

"एक म्हातारा उनानं पडला हुता, साहेब. त्याची म्हातारी वरडत हुती. माझ्यापाशी पाण्याची कळशी हुती, ती घिऊन गेलो. शुद्धीवर आला तवा दोघांना एस्टीत बसिवलं."

"कोण होती ती?"

"ठावं न्हाय."

हवालदार हसला. "नाव न्हाय, गाव न्हाय. झकास!"

झडती घेतली. जोडवी नव्हती. खिशात कागदाची पुडी निघाली. आत खोबऱ्याचा तुकडा आणि साखर.

"म्हातारीनं दिलं. मोरगावचा परसाद हाय म्हनली. फेकवंना, ठिवला."

तेवढ्या धाग्यावर दुसऱ्या दिवशी हवालदाराला मोरगावला पाठवलं. एस्टी स्टँडवर, देवळापाशी विचारत तो हिंडला आणि संध्याकाळी म्हाताऱ्या जोडप्याला घेऊनच परतला. लेकीला भेटायला दोघं सणसरला आली होती. म्हातारी बांगडीवाल्याचा ओठ बघून जागीच थांबली.

"आरं बाबा, तुला कुनी मारलं? ह्यो नसता, तर माझं कुकू गेलं असतं, साहेब."

जबाबासाठी बोलावलेला सोनार तिथंच उभा होता. मी जबाब घ्यायला लागलो. "आजी, तुम्ही नेमकं काय ओरडलात?"

"काय वरडनार? धन्यानं डोळं फिरवलं. म्हनलं, पाणी! कुनीतरी पळा! पाणी, पाणी!"

माझा हात थांबला. शेजारच्या पालानं एवढंच ऐकलं होतं, पाणी आणि पळा. बाजाराला लागून कालवा. बाकीचं लोकांनी आपणहून जोडलं होतं. सोनार हळूच भिंतीला टेकून खाली बसला.

डबाही सापडला. शेजारचा गूळवाला तो स्वतः घेऊन आला. घाईत ढेपांबरोबर गाडीत भरला गेला होता, ढेपा उतरवताना दिसला. गूळवाला घामाघूम झाला होता. आता आपली पाळी, असं त्याला वाटलं असावं.

पुढच्या बाजारी मी मुद्दाम फेरी मारली. बांगडीवाला आपल्या जागेवर होता. सोनाराची बायको त्याच्यापुढं हात धरून बसली होती. तो एकेक बांगडी जपून चढवत होता. आता तिथं पक्के गाळे झालेत म्हणे. मला मात्र ती पालंच दिसतात.

नंतरच्या नोकरीत साक्षीदार "समदे म्हनत हुते" म्हणाला, की मी लेखणी खाली ठेवायचो. "समदे राहू द्या. तुम्ही स्वतः काय ऐकलं?"