मांटोव्ह ते पुहोई, व्हाया हार्बर ब्रिज

या सहलीचं श्रेय आईच्या गुडघ्याला द्यायला हवं. आई सांगलीहून आमच्याकडे न्यूझीलंडला, दक्षिण ऑकलंडमधल्या टाकानिनीला आली आणि पहिल्याच आठवड्यात मागच्या डेकच्या पायरीवरून घसरली. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते. तिथली माझी मैत्रीण यित्का फिजिओथेरपिस्ट आहे. ती सुट्टीच्या दिवशी घरी येऊन आईकडून व्यायाम करून घ्यायला लागली आणि आई तिला चकल्या खायला घालून तिच्याकडून भूगोल काढून घ्यायला लागली. आईने सगळी नोकरी शाळेत भूगोल शिकवण्यात घालवली आहे. माणसाचं आडनाव तिला नंतर लागतं, नदीचं नाव आधी.

"तुझ्या गावाला नदी कोणती?" आईने पाय वर-खाली करता करता विचारलं.

"राडबुझा," यित्का म्हणाली. "गावाचं नाव मांटोव्ह. चेक रिपब्लिकच्या पश्चिमेला, प्लझेन शहराजवळ. अगदी छोटं गाव आहे."

मग तिने सहज सांगितलं की ऑकलंडच्या उत्तरेला पुहोई नावाचं गाव आहे. एकशे साठ वर्षांपूर्वी तिच्याच भागातली माणसं जहाजाने येऊन तिथे वसली, आणि त्यांना इथे यायला लावणारा कॅप्टन तर खुद्द मांटोव्हचा.

"मग तू किती वेळा गेलीस तिथे?"

"एकदाही नाही."

आईचा पाय हवेतच राहिला. "अगं, गाववाले तासाभरावर आहेत आणि तू गेली नाहीस?"

यित्का नुसती हसली. दिवाळीनंतर तिचा मेसेज आला: 'तुझी आई माझ्याबरोबर पुहोईला येईल का विचार.' मला कोणी विचारलंच नव्हतं, पण गाडी माझी असल्यामुळे मीही गेले. नवरा आणि लेक क्रिकेटच्या मॅचला गेले आणि आम्ही तिघी शनिवारी सकाळी निघालो.

जाणाऱ्यांसाठी रस्त्याबद्दल थोडं. दक्षिण ऑकलंडहून निघत असाल तर सकाळी लवकर निघा, नाहीतर हार्बर ब्रिजच्या आधीच अर्धा उत्साह संपतो. पूल ओलांडून मोटरवेने सरळ उत्तरेला जायचं. ओरेवाच्या पुढे टोल लागतो. टोलनाका वगैरे काही नाही, कॅमेरा नंबर टिपतो आणि आपण घरी येऊन ऑनलाइन दोन-तीन डॉलर भरायचे. विसरलात तर दंडाचा कागद येतो. त्यानंतर जोड बोगदे, आणि बोगद्यातून बाहेर पडलं की थोड्याच अंतरावर पुहोईचा फाटा.

पूल ओलांडल्यावर यित्का आपणहून बोलायला लागली.

"जे लोक पुहोईला आले ते जर्मन बोलणारे होते," ती म्हणाली. "आमच्या भागातली बहुतेक गावं तेव्हा तशीच होती. मांटोव्हला ते मांटाऊ म्हणायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर सगळ्या जर्मन बोलणाऱ्यांना देशाबाहेर काढलं. हाताला पेलेल तेवढं सामान घ्या आणि निघा, असं. रिकाम्या घरांमध्ये दुसरीकडची चेक माणसं आणून बसवली. माझे आजी-आजोबा देशाच्या पूर्वेकडच्या मोरावियातून आले. त्यांना घर मिळालं तेव्हा कपाटात कपबशा जागच्या जागी होत्या."

मग आई मागच्या सीटवरून म्हणाली, "त्या कपबशा पुढे वापरल्या का?"

"आजीने कधीच नाही. पण टाकूनही दिल्या नाहीत." थोड्या वेळाने ती म्हणाली, "पुहोईत कोणी विचारलं, कुठून आलीस, तर मी काय सांगू? मी त्यांच्या गावची आहे, पण त्यांची नाही."

"प्लझेनजवळून, एवढंच सांग," मी सुचवलं. तिला ते पटल्यासारखं वाटलं.

पुहोई गाव म्हणजे नदीकाठची एक चिंचोळी पट्टी आणि दोन्ही बाजूंना अंगावर येणारे हिरवे डोंगर. गावात शिरताना रस्त्याच्या कडेला छोट्या छपराखाली क्रूस उभा आहे. यित्काने गाडी थांबवायला लावली.

"आमच्याकडे शेताच्या बांधावर अगदी असेच असतात," ती म्हणाली. "न्यूझीलंडमध्ये मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही." पुढे पांढरं लाकडी चर्च, जुना पब, जनरल स्टोअर. संपलं गाव. नदी संथ आणि मातकट. भरती असली की कयाक भाड्याने घेऊन खाली समुद्रापर्यंत जाता येतं, पण ओहोटीच्या वेळी चिखलात रुतून बसाल, त्यामुळे वेळापत्रक आधी बघा. आईने नदीकडे बघून जाहीर केलं की इथे शेती करायला आलेल्या माणसांना कोणीतरी फसवलं असणार.

तिचा अंदाज फार चुकला नव्हता. चर्चजवळच्या जुन्या शाळेत गावाचं छोटं म्युझियम आहे. तिकीट किरकोळ, पण सुट्टे पैसे जवळ ठेवा, आणि ते रोज उघडं नसतं. आत गेलो तर टेबलामागे एक उंच म्हातारे गृहस्थ शॉर्ट्स आणि लोकरी मोजे घालून बसले होते. "किया ओरा, या या," म्हणत उठले. नाव बर्नी, आयुष्यभर गाईंमागे धावले, आता शनिवारी इथे स्वयंसेवक. त्यांनी उभ्या उभ्या सगळी गोष्ट सांगितली. महिनोन्महिने जहाजाचा प्रवास. मग नदीच्या मुखापासून माओरी लोकांनी आपल्या होड्यांमधून त्यांना वर आणलं. किनाऱ्यावर उतरले तर समोर निकाऊ पामच्या झावळ्यांच्या दोन झोपड्या आणि बाकी फक्त जंगल.

"माझी खापरपणजी म्हणे खाली बसून रडली," बर्नी म्हणाले. "पहिली काही वर्षं माओरींनी खायला घातलं म्हणून आम्ही जगलो. लाकडं तोडायची, कोळसा करायचा, विकायचा. गाई वगैरे फार पुढे."

मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "तुम्ही कुठल्या?"

"सांगली. कृष्णा नदीच्या काठी," आई म्हणाली.

"आणि तुम्ही?"

यित्काने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता प्लझेन म्हणेल. ती म्हणाली, "मांटोव्ह."

बर्नींनी चष्मा काढला. "मांटाऊ?"

"हो. मांटाऊ."

ते एकदम वेगळ्याच भाषेत बोलायला लागले. घरातल्या म्हाताऱ्यांकडून राहिलेली दोन-चार वाक्यं असावीत, फार जपून उच्चारलेली. यित्काचा चेहरा उतरला. "मला नाही कळत," ती म्हणाली. "मी चेक आहे. माझं कुटुंब तिथे युद्धानंतर आलं. तुमच्यासारख्या लोकांना काढून जी घरं रिकामी केली, त्यातल्या एका घरात मी वाढले."

बर्नींनी चष्मा शर्टाला पुसला, परत घातला.

"आम्हाला कोणी काढलं नव्हतं," ते सावकाश म्हणाले. "आम्ही त्याच्या ऐंशी वर्षं आधी जमीन पुरत नाही म्हणून आलो. पण मागे राहिलेले भाऊबंद होते. माझी आजी त्यांना पार्सल पाठवायची. युद्धानंतर पत्ता बदलला, जर्मनीतल्या बव्हेरियाचा झाला. काय झालं ते त्यांनी कधी लिहिलं नाही आणि आम्ही विचारलं नाही." मग यित्काकडे बघत, "मी कधी तिकडे गेलो नाही. गाव दिसतं कसं, ते तरी सांगशील?"

अशा वेळी माझी आई मागे राहत नाही. "उभ्याने नको," ती म्हणाली. "माझा गुडघा दुखतो. बसून, नीट दिशा घेऊन सांगू दे."

म्युझियमच्या टेबलामागे बसायला दुसऱ्या स्वयंसेवक बाई आल्या आणि आम्ही चौघं पबमध्ये गेलो. भिंतींवर जुन्या करवती, घोड्यांचे नाल, फोटो यांची एवढी गर्दी आहे की आई छताकडे बघतच चालत होती. शाकाहारी मंडळींना इथे रताळ्याच्या म्हणजे कुमाराच्या फ्राइजवर भागवावं लागतं, पण प्लेट दोघींना पुरते. ऑर्डर येईपर्यंत आईने टेबल ताब्यात घेतलं.

"उत्तर कुठे?"

यित्काने खिडकीकडे बोट दाखवलं. आईने पेपर नॅपकिनची लांब पट्टी करून वळणावळणाने पसरली. "ही तुझी राडबुझा. मठ कुठे? तू म्हणाली होतीस ना, शेजारच्या गावात मोठा मठ आहे?"

टोमॅटो सॉसची बाटली चोटेशोव्हचा मठ झाली. मिठाची डबी गावातलं देवघरासारखं छोटं चॅपेल, बशी म्हणजे नाताळच्या जेवणाचे मासे जिथून येतात ते तळं, चमचे म्हणजे प्लझेनला जाणारा रस्ता. सुरुवातीला यित्का आईच्या प्रश्नांना एका शब्दात उत्तरं देत होती, मग तिने चमचे आपल्या हातात घेतले. कुठे लिंडेनची झाडं आहेत, कुठे सायकलवरून पडली होती, कुठल्या वळणावर बसची वाट बघायची. बर्नी कोपर टेकवून ऐकत होते.

"सगळं सपाट?" त्यांनी विचारलं.

"जवळजवळ सपाट."

ते खिडकीबाहेरच्या डोंगराकडे बघत खो खो हसायला लागले. "आणि तिथून उठून आम्ही इथे आलो," ते म्हणाले. आम्हीही हसलो. यित्काच्या डोळ्यांत पाणी आलं ते हसून की कशाने, मी विचारलं नाही.

मग बर्नींनी हळूच विचारलं, "दफनभूमीत जुनी थडगी राहिली आहेत का?"

"काही आहेत. नोव्हेंबरमध्ये आमच्याकडे मेलेल्यांचा दिवस असतो, सगळे आपापल्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. माझी आई घरच्या लावून झाल्या की जुन्या जर्मन थडग्यांवरही लावते. मी लहानपणी विचारलं, ही आपली कोण? ती म्हणाली, यांचं कोणी इथे नाही, म्हणून आपलीच."

बर्नी उठले, काउंटरवर गेले आणि बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. परत आले ते सगळ्यांसाठी ॲपल क्रंबल घेऊन. पैसे काही घेतले नाहीत.

परतीच्या वाटेवर गावापासून थोडं पुढे चीजचा कारखाना आहे, तिथे थांबलो. तळ्याकाठी बाकं आहेत, आइस्क्रीम चांगलं मिळतं, आणि लहान मुलं बरोबर असतील तर तिथून हलत नाहीत. पुलावर ट्रॅफिक लागलं. यित्का आईच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती आणि आई गुडघा दुखत असूनही जागची हलली नाही.

आई आता सांगलीला परत गेली आहे. मला विचाराल तर पुहोई बघायला अर्धा दिवस पुरतो. डोंगर, नदी, चर्च याहून सुंदर जागा या देशात पावलोपावली आहेत. पण मी इतकी वर्षं इथे राहून गाव म्हणजे रक्ताची नाती आणि भाषा एवढंच समजत होते. त्या टेबलावर समोरासमोर बसलेल्या दोघांमध्ये यातलं काहीच सामायिक नव्हतं. एका नदीचा काठ तेवढा होता, आणि तो पुरला.

बर्नी आणि त्यांची मुलगी मे महिन्यात मांटोव्हला जाणार आहेत, यित्काही रजा टाकून बरोबर जाते आहे. उतरायचं तिच्याच घरी. तिच्या आईने परवा निरोप पाठवला: वरच्या खोलीची खिडकी पूर्वेला आहे, सकाळी ऊन थेट तोंडावर येतं, पाहुण्यांना चालेल का? बर्नींनी कळवलं, 'स्वीट ॲज,' म्हणजे इथल्या इंग्रजीत 'मस्त, काही हरकत नाही.' याचं चेकमध्ये काय करायचं, म्हणून यित्का काल दिवसभर फार्मसीच्या खिडकीशी येऊन सगळ्यांना विचारत होती.