गोदामाच्या जागेची माती

वसाहत कशी उभी राहिली, हे मला पुष्कळांनी विचारलं. निवृत्तीच्या चहापानात विचारलं, पुढे एकदा शाल-नारळ देतानाही विचारलं. तिथली माती कुठे गेली, हे मात्र आजवर एकानेही विचारलेलं नाही. म्हणून तेच लिहायला बसलो आहे.

अकोल्याहून अकोटकडे जाताना खारपाणपट्ट्यात एक नगरपालिकेचं गाव लागतं. नाव लिहीत नाही. त्या गावाच्या पूर्वेला, नाल्याच्या काठी चामड्याचं गोदाम होतं. गोदाम म्हणजे एक पत्र्याची शेड आणि मागे जमिनीत खोदलेले हौद. मेलेली जनावरं तिथे आणून सोलायची, कातडी मिठात दाबून ठेवायची आणि मग चुन्याच्या हौदात सोडायची. केस लवकर सुटावेत म्हणून चुन्यात हरताळ मिसळत, ते पिवळं विष. ठेकेदार परगावचा, फायदा त्याचा, आणि काम पिढ्यान्‌पिढ्या आमच्या लोकांचं. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन माणसं परत आली ती घरी न जाता आधी गोदामावर गेली आणि सुऱ्या, कोयते तिथे टाकून आली. ठेकेदाराने काही दिवस वाट पाहिली, दमदाटी करून पाहिली. दुसरी माणसं मिळेनात तेव्हा शेडचे पत्रे काढून घेऊन गेला. हौद तसेच राहिले.

वस्ती गोदामाला लागूनच होती. एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला गावाची हद्द, त्यामुळे घरं वाढवायची तर जागा एकच उरत होती, गोदामाची. लोकांनी अर्ज केला की ती जागा साफ करून आम्हाला घरांसाठी द्या. वास आम्ही सोसला, तर जागाही आमचीच, असा सरळ हिशेब होता. मला तो आजही बरोबर वाटतो.

मी अमरावतीचा. शिक्षण झाल्यावर अकोल्याच्या सरकारी कचेरीत घरबांधणीच्या अनुदानाच्या टेबलावर लागलो होतो. आमच्या समाजातला त्या कचेरीतला पहिला कारकून मीच. ही फाईल माझ्याकडे देताना साहेब म्हणाले, "तुमचेच लोक आहेत, तुम्हीच बघा." चांगल्या मनानेच म्हणाले, पण मला ते लागलं. ब्राह्मणाची फाईल ब्राह्मण कारकुनाकडे देताना असं कोणी म्हणत नसे. फाईल उघडून बघतो तर ती मुंबई राज्यात सुरू झालेली, मुंबई राज्यातच हरवलेली आणि महाराष्ट्र झाल्यावर एका कपाटाच्या मागे सापडलेली.

घोडं कुठे अडलं होतं ते कळायला मला आठवडा लागला. घरांचा पैसा आमच्या खात्याचा. तो सुटणार, जागा राहण्याजोगी असल्याचा दाखला आल्यावर. दाखला देणार अमरावतीचे इंजिनिअर साहेब. ते देणार, हौद खणून माती काढल्यावर. माती काढायचा खर्च काही नगरपालिकेने उचलायचा, काही इंजिनिअर साहेबांच्या खात्याने, पण दोघांचंही म्हणणं की घरं नक्की होणार असतील तरच आम्ही हात घालू. आणि घरं नक्की होणार असं आमच्या खात्याने लिहून द्यायचं, दाखला आल्यावर. तिन्ही खात्यांकडे पैसा होता, हे यातलं सगळ्यात संतापजनक. नसता तर माणूस गप्प तरी बसला असता.

वस्तीतली एक बाई बाजाराच्या दिवशी एस.टी.ने अकोल्याला यायची आणि माझ्या टेबलासमोर फतकल मारून बसायची. सगळी वस्ती तिला माय म्हणे, मीही म्हणायला लागलो. नवरा गेलेला, मुलगा गिरणीत कामाला मुंबईला, घरी सून आणि नातवंडं. उभं आयुष्य कातडी खारवून तिच्या बोटांना कायमच्या भेगा पडल्या होत्या. वस्तीच्या, हौदांना लागून असलेल्या विहिरीचं पाणी पिऊन नातवंडांच्या हातापायांवर फोड यायचे. ते पाणी तपासा म्हणून आम्ही लिहिलं, तर अमरावतीहून उत्तर आलं की तो भाग खारपाणपट्ट्याचा, पाणी खारंच असायचं. जसं काही खाऱ्या पाण्याने पोरं फोडांनी भरतात! मायजवळ आणखी एक गोष्ट होती. नाल्यापलीकडे तिचा हाडोळा होता, म्हणजे मेलेली जनावरं ओढण्याच्या बदल्यात तिच्या घराण्याला कसायला दिलेला जमिनीचा तुकडा. वतनं गेली आणि तो तुकडा तिच्या नावावर झाला. त्याच्यावर तिचा भारी जीव. तिथे ज्वारी पेरायची, तुरीच्या दोन ओळी टाकायची, आणि कचेरीत येताना मला हुरडा बांधून आणायची.

"काहून रे बाबू," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, "आमच्या जागेचा कागद कुठं हाये?"

"अमरावतीला आहे, माय."

"मांगच्या बाजारालेबी थो अमरावतीलेच होता. सासुरवाडी हाये का त्याची?"

शेजारच्या टेबलावरचे हसायचे. मी हसायचो नाही, कारण पुढच्या बाजारालाही तो अमरावतीलाच असणार हे मला माहीत होतं.

तिघांना एकत्र बसवल्याशिवाय हे सुटणार नाही हे उघड होतं. पण बसवायचं कुठे? आमचे साहेब अमरावतीला जाणार नाहीत, कारण मग ते इंजिनिअरांच्या दारात गेल्यासारखं होईल. इंजिनिअर साहेब अकोल्याला येणार नाहीत, कारण त्यांचा हुद्दा आमच्या साहेबांपेक्षा अर्धी पायरी वर. नगरपालिकेचे अध्यक्ष जिनिंगवाले. ते म्हणत, ज्याला गरज त्याने माझ्याकडे यावं. अशा मानापानात पोरांचे फोड वाळत होते आणि पुन्हा येत होते. शेवटी मला बडनेरा सुचलं. बडनेरा जंक्शन, तिथे कोणी कोणाच्या दारात जात नाही, सगळे गाडी बदलायलाच उतरतात. मी दोन्ही साहेबांच्या दौऱ्याचे दिवस जुळवले आणि अध्यक्षांना सांगितलं की दोघेही आपल्यासाठी थांबणार आहेत. दोघांना सांगितलं की अध्यक्ष थांबणार आहेत. खोटं म्हणाल तर खोटं, पण नंतर ते खरंच झालं.

वरच्या वर्गाच्या वेटिंग रूममध्ये तिघे बसले. मी उभा. चहा आला, भजी आली, कापसाच्या भावावर बोलणं झालं, आणि वर्षानुवर्षं न सुटलेली गोष्ट भजी संपायच्या आत सुटली. तिघांनी एकाच कागदावर सह्या करायच्या, तिन्ही पैसे एकदमच सोडायचे. कोणी कोणाच्या आधी नाही, कोणी कोणाच्या मागे नाही. मला तर तिथेच नाचावंसं वाटलं. इतकं सोपं होतं तर माणसं इतकी वर्षं काय करत होती, असा रागही आला.

मग मी विचारलं, "साहेब, काढलेली माती कुठे टाकायची?"

इंजिनिअर साहेबांनी घड्याळ पाहिलं. अमरावतीची गाडी लागली होती. "माती काढणारा ठेकेदार पाहील."

"पण त्यात हरताळ आहे, मीठ आहे. घरं बांधायला वाईट म्हणूनच आपण ती काढतो आहोत."

अध्यक्ष मोठ्याने हसले. "अरे बाप्पा, ते हाडामासाचं खत हाये! लोक गाड्या घेऊन भांडतीन त्याच्यासाठी."

"घरात वाईट ते वावरात वाईट असं नसतं हो," इंजिनिअर साहेब उठता उठता म्हणाले. "शेण आपण घरात साठवतो का? वावरात टाकतोच ना?"

मी काही शेतकी शिकलेला नव्हतो. मी एवढंच म्हटलं, की कोणाला तरी विचारून घेऊ या. आमचे साहेब म्हणाले, आता नवीन खातं मध्ये आणू नका, पुन्हा दहा वर्षं जातील. आणि त्यांनी मला वाक्य सांगितलं ते मी माझ्याच हाताने कागदावर उतरवलं: निघालेल्या मातीची विल्हेवाट सोयीनुसार लावावी. तिघांनी सह्या केल्या.

उन्हाळ्यात हौद खणायला घेतले. माती निघाली ती वरून पांढरी, खाली काळी, मध्ये पिवळट, आणि तिच्यात हाडांचे तुकडे. अध्यक्ष म्हणाले होते तसंच झालं. आसपासच्या पाटलांच्या, कास्तकारांच्या बैलगाड्या सकाळपासून रांगेत उभ्या. जुन्या गोदामाची माती म्हणजे सोनं, असं सगळा पट्टा मानत होता. हाडाचं खत पिकाला चांगलं हे खोटंही नव्हतं. पण हाड वेगळं आणि हौद वेगळा, हा भेद कोणी करत नव्हतं, कारण हौदात उतरलेली माणसं कधी वावराची मालक नव्हती, आणि वावराचे मालक कधी हौदाजवळ फिरकले नव्हते.

माय गाड्यांसमोर जाऊन उभी राहिली. मी त्या दिवशी तिथेच होतो, म्हणून कानांनी ऐकलं.

"ढोरं आमी ओढली," ती म्हणाली. "कातडं सोललं आमी. घान आमाले, अन्‌ खत तुमाले? ह्या मातीले आमी जलमभर घाम देला हाये. एक टोपलं नेऊ देनार नाई कोनाले."

वस्ती तिच्यामागे उभी राहिली. गाड्यावाले कुरकुरले, पण दिवस बदलले होते. रिकाम्या गाड्या घेऊन परत गेले. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. माझ्या आजोबांनी आमच्यातलं कोणी असं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं, मी पाहिलं. तरी मी तिला बाजूला घेऊन बडनेऱ्याला बोललो होतो तेच बोललो, की माय, यात हरताळ आहे, एकदा विचारून घेऊ.

"आजवर इचारूनच राहिलो ना आमी, बाबू," ती म्हणाली. खोदकामाच्या ठेकेदाराला वाहतूक जवळ पडली म्हणून तोही खूश. नाल्यापलीकडचा हाडोळा सगळ्यात जवळ, म्हणून बहुतेक माती तिच्याच वावरात पडली. बाकीच्यांनी टोपली-दोन टोपल्या परसात नेल्या.

घरं झाली. खरोखर चांगली झाली. मुरूम भरला, नवी विहीर खणली, ओटे बांधले. वर्षभरात पोरांच्या अंगावरचे फोड गेले. आमच्या कचेरीत ती फाईल इतरांना दाखवायला ठेवली होती. बडनेऱ्याची गोष्ट साहेब चहा पिताना सांगत, त्यात हळूहळू माझा भाग कमी होत गेला, पण त्याचं मला काही वाटलं नाही.

मायच्या वावरात पहिल्या पावसाने ज्वारी उगवली, वीतभर झाली आणि पिवळी पडून बसली. पाऊस कमी झाला असं सगळे म्हणाले. दुसऱ्या वर्षी उगवलीसुद्धा नाही. उन्हाळ्यात वावरावर पांढरा थर धरला. ती बाजाराच्या दिवशी आली, नेहमीसारखी फतकल मारून बसली नाही, उभीच राहिली.

"घर चांगलं हाये, बाबू. पोरं चांगले हायेत. पन वावर मेलं माहं. आता हे माती उचलाचं कोनाचं खातं हाये?"

मी तिन्हीकडे लिहिलं. नगरपालिकेने लिहिलं, वावर हद्दीबाहेर आहे. इंजिनिअर साहेबांची बदली झालेली. नव्या साहेबांनी लिहिलं, काम पूर्ण झाल्याचा दाखला दप्तरी आहे. आमच्या साहेबांनी माझ्यासमोर कपाळाला हात लावला आणि म्हणाले, घराला पैसा आहे, खाजगी शेतीला मी कुठून आणू? मी पुन्हा बडनेरा जुळवायचा प्रयत्न केला. या वेळी कोणी उतरलं नाही. शेतकी खात्याचा एक माणूस वावर पाहून गेला, तो म्हणाला, खारपाणपट्टा आहे, जमीन खारवायचीच. मला त्या माणसाला धरून हलवावंसं वाटलं. आगीतून फुफाट्यात म्हणतात, तसं झालं होतं. फक्त आग आम्ही विझवली होती आणि फुफाटा तिच्या वावरात नेऊन ओतला होता.

पुढच्या उन्हाळ्यात मी वसाहतीत गेलो तेव्हा घराला कुलूप होतं. माय आणि सून वावरात होत्या. सून कुदळीने वरचा थर मोकळा करत होती, माय टोपलीने उचलून वावराच्या एका कोपऱ्यात टाकत होती. कोपऱ्यात माणसाच्या छातीएवढा ढीग झाला होता. एवढी जमीन गेलीच म्हणायची.

"माय, नाल्यात का टाकत नाहीस?" मी विचारलं. "पावसात वाहून जाईल."

"खाले गाव हाये ना रे. थ्या पोराइले फोड येतीन."

तिने टोपली खाली ठेवली, कपाळावरचा घाम पुसला आणि विचारलं, "एक सांग, बाबू. तुमी सारे बडनेऱ्याले बसले, तवा कोनीच इचारलं नाई का, माती कुठं टाकाची थे?"

"विचारलं होतं, माय."

"मंग काय म्हने सायब?"

मला खोटं सांगता आलं असतं. "सोयीनुसार टाकावी म्हणाले."

तिने ढिगाकडे पाहिलं, मग वावरात अजून पसरलेल्या पांढऱ्याकडे पाहिलं.

"झाली मंग त्याइची सोय," ती म्हणाली, आणि टोपली उचलून पुन्हा वावरात गेली.