उजवा म्हणजे मास्क, डावा म्हणजे नळ्या

आमच्या नात्यागोत्यात काही समजावून सांगायचं असलं की मला बोलावतात. मी पेडण्याच्या एका शाळेत आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. तेवढ्यावर नातेवाइकांनी मला विजेच्या बिलापासून गुडघ्याच्या एक्स-रेपर्यंत सगळ्यातली जाणकार करून टाकलंय. आणि मीही अशी की "मला नाही बाई कळत" हे वाक्य माझ्या तोंडून आजवर कुणी ऐकलेलं नाही.

माझ्या बहिणीची मुलगी डिचोलीला दिलीय. तिची लेक तेव्हा जेमतेम बसायला लागली होती. साधी सर्दी झाली म्हणता म्हणता ती श्वास असा घ्यायला लागली की दर श्वासाला फासळ्यांमधली कातडी आत ओढली जायची. तालुक्याच्या डॉक्टरांनी तिला तडक मोठ्या सरकारी हॉस्पिटलात पाठवलं, मुलांच्या आयसीयूत. जावई बोटीवर, कुठल्या तरी समुद्रात. त्याचा फोन लागला तर लागला. बहीण गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पलंगावर. तेव्हा माहेरच्या बाजूने मी निघाले.

त्यात शुक्रवार. म्हापशाचा बाजार. पेडण्याहून निघालेली बस म्हापशात शिरायलाच तयार नव्हती. माझ्या पायांवर कुणाची तरी सुकी मिरची आणि मांडीवर कुणाचं तरी केळीचं रोप. "जरा धर गो बाय," म्हणून ती बाई जी पुढे गेली ती स्टँड येईपर्यंत परतली नाही. तिकडे बाळाचा जीव घुसमटतोय आणि मी केळ सांभाळतेय.

पोचले तर आयसीयूबाहेर भाचीचे सासरे बसलेले. त्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो. जन्मभर खाणीवर ट्रक चालवला, त्यामुळे कुजबुजले तरी पलीकडच्या वॉर्डात ऐकू जातं. मांडीवर उंड्यांची पिशवी, एकही पाव खाल्लेला नाही.

"आयलें? आता तूंच विचार त्या दोतोरणीक! इतकें शिकून खबर ना म्हणटा!"

ती दोतोरीण म्हणजे माझ्या विद्यार्थिनींपैकी एखादी शोभावी इतकी तरुण डॉक्टर. तिने मलाही शांतपणे सगळं सांगितलं. बाळाला श्वासासाठी आता जास्त आधार लागणार. तो द्यायच्या दोन रीती. एक, नाकावर घट्ट मास्क बसवून दाबाने हवा द्यायची. दुसरी, नाकपुड्यांत बारीक नळ्या घालून ऊबदार, दमट हवा वेगाने सोडायची. दोन्ही वापरात आहेत. पण अशा बाळांना त्यातली कुठली जास्त मानवते ते अजून नक्की कळलेलं नाही, आणि तेच शोधण्याचं संशोधन त्यांच्याकडे चाललंय. आईने हो म्हटलं तर कुठली रीत द्यायची ते काँप्युटर ठरवणार. नाही मानवली तर लगेच बदलणार. आई नाही म्हणाली तरी कुणी रागावणार नाही, उपचार थांबणार नाहीत.

"आणि आम्हाला माहीत असतं ना, काकी, तर आम्ही विचारलंच नसतं," ती म्हणाली. "आई आत विचार करतेय. तुम्ही बाहेर यांना जरा समजावता का?"

झालं. मला समजावायला सांगितलं.

मी भाऊंच्या शेजारी बसले. "भाऊ, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं असतं."

"म्हजे नातीची लॉटरी?"

"लॉटरी नव्हे. म्हणजे बघा, नाणेफेक..."

"चेडूं आसा तें! क्रिकेट न्हय!"

समोरच्या खुर्चीवरची बाई आमच्याकडे बघायला लागली. आठवीच्या वर्गातसुद्धा मी इतकी कोंडीत सापडत नाही. मी दाखला शोधू लागले, आणि मला तो सापडला. तो सापडला नसता तर किती बरं झालं असतं!

"भाऊ, आपण देवाला प्रसाद लावतो ना? भटजी ओल्या पाकळ्या देवाच्या अंगाला उजवीकडे, डावीकडे लावतात. आपण प्रश्न घालतो, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. कुठली पाकळी आधी पडेल ते ना भटाच्या हातात, ना तुमच्या. बरोबर? हे तसंच. डॉक्टरने आपल्या मनाने ठरवायचं नाही, आपण ठरवायचं नाही. म्हणून काँप्युटर."

भाऊंचा चेहरा उजळला. दाखला बसला की मुलांचे चेहरे असेच उजळतात. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

"मगे अशें सांग ना पयलीं!" भाऊ उठले. "आमचो देव आसतना काँप्युटर कित्याक?"

"तसं नव्हे हो भाऊ, तो नुसता दाखला—"

पण त्यांनी गावातल्या धाकट्या भावाला फोन लावलासुद्धा.

पुढचा वेळ मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. भाऊंचा भाऊ स्कूटर घेऊन देवळात पोचला तर भटजी जेवायला गेलेले. भटजी आले तर त्यांना सोवळं नेसायचं. सोवळं नेसले तर रेंज गेली. रेंज आली तेव्हा पडद्यावर देवाच्या ऐवजी भाऊंच्या भावाचं कपाळ. "कॅमेरो परतो रे! तुजें कपाळ कित्याक दाखयता?" भटजींनी विचारलं, प्रश्न काय घालायचा? आणि भाऊ त्या शांत कॉरिडॉरमध्ये, जिथे लोक पाण्याची बाटलीसुद्धा आवाज न करता उघडत होते तिथे, ओरडले:

"उजवो म्हणल्यार मास्क! दावो म्हणल्यार नळयो!"

वॉचमनने येऊन दम दिला. भाऊंनी त्यालाच मोबाईल धरायला दिला आणि आपण हात जोडून उभे राहिले. समोरची बाई खुर्ची सोडून आमच्या मागे येऊन उभी राहिली. ती सावंतवाडीकडची. "आमच्या देवाकय विचारून बघूया काय?" म्हणाली. मी तिला हात जोडले.

पाकळी पडेना. भटजी गाऱ्हाणं घालतायत, फोन धरलेला वॉचमन डोळ्यांची पापणी न हलवता बघतोय, आणि मी? शाळेत फळ्यावर नाणेफेकीची उदाहरणं सोडवून घेणारी मी त्या सगळ्यांच्या खांद्यावरून मान लांब करून बघत होते. मला आत भाचीजवळ असायला हवं होतं, हे मधून मधून आठवत होतं. पण पाकळी आता पडेल, मग पडेल.

पडली. उजवी.

"मास्क!" वॉचमनच्या हातातला फोन ओढून भाऊ दारावर धावले. तेवढ्यात दार उघडून दोतोरीणच बाहेर आली.

"आईने सही केली," ती म्हणाली. "बाळ दमायला लागलं होतं. काँप्युटरने नळ्या दिल्या, आम्ही सुरू केल्या."

आता काय सांगू? भाऊंचा आवाज ट्रकच्याही वर गेला. देवाने मास्क सांगितला, तुम्ही नळ्या घातल्या, आत्ताच्या आत्ता काढा! ती पोर बिचारी सगळं ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "आजोबा, घरच्यांना नको असेल तर आम्ही संशोधनातून नाव काढू, मास्क लावू. तुमचा हक्क आहे. पण सही आईची आहे. आईला विचारा."

तिने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत "काकी, तुम्ही नक्की काय समजावलंत?" असा प्रश्न होता. मी उंड्यांच्या पिशवीकडे बघितलं.

भाची दारात आली. अंगावर हॉस्पिटलचा हिरवा झगा, केस सुटलेले. सासऱ्यांनी तिला सगळं सांगितलं, देऊळ, भटजी, पाकळी. तिने केस बांधता बांधता ऐकून घेतलं. लग्नानंतर इतक्या वर्षांत ती त्यांच्यापुढे कधी मोठ्याने बोललेली मी ऐकलेली नाही. तेव्हाही मोठ्याने बोलली नाही.

"बाबा, तुमी देवाक मशीन विचारलें," ती म्हणाली. "चेडूं जगतलें काय ना, तें कोणें विचारलें?"

कुणीच नाही. इतका वेळ इतकी माणसं, एक देव, दोन मोबाईल, आणि पोर जगेल की नाही हा प्रश्न कुणी तोंडातून काढला नव्हता. मास्क की नळ्या यावर आम्ही भांडलो, कारण त्यावर भांडता येत होतं.

भाऊंच्या हातात फोन तसाच चालू होता. पलीकडून भटजींचा आवाज येत होता, "आनीक कांय विचारपाचें आसा?"

भाऊंनी सुनेकडे बघितलं. "विचारूं?" या वेळी खरंच कुजबुजले.

"नाका," ती म्हणाली. "दावो पडलो जाल्यार?"

भाऊंनी फोन बंद केला. नळ्या राहूं दी, म्हणाले, आणि खुर्चीवर बसले. मी पिशवीतला एक उंडा तोडून अर्धा त्यांच्या हातात दिला. तो त्यांनी तसाच धरून ठेवला. मी तेवढ्यात बोलायला तोंड उघडलं होतं. संशोधनात हेच असतं, वगैरे काहीतरी मनात होतं. मग त्या उघड्या तोंडात उरलेला अर्धा उंडा मीच घातला.

उन्हं उतरता उतरता भाचीने दार किंचित उघडून सांगितलं, फासळ्या आता तितक्या ओढत नाहीत, निजलीय. भाऊंनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. तोवर त्यांचा भाऊ स्कूटरवरून डिचोलीहून प्रसादाची पाकळी पानात बांधून घेऊन हजर. आयसीयूत पाकळी न्यायची नाही, म्हणून मघाच्याच वॉचमनने ती आपल्या टेबलावर जपून ठेवली.

बाळ घरी आलं. नळ्यांवरच बरं झालं, मास्क लावायची वेळ आली नाही. मग देवाने उजवा कसा दिला? गावात यावर खल झाला, आणि व्हिडिओ कॉलवर उजवं डावं उलटं दिसतं, असा निकाल लागला. तसं नसतं, मागच्या कॅमेऱ्याने सरळच दिसतं, हे मी दोनदा समजावलं. नंतर सोडून दिलं.

काही महिन्यांनी दोतोरणीचा फोन आला, बाळ कसं आहे, वजन वाढतंय का विचारायला. मी तेव्हा डिचोलीलाच होते. भाऊंनी सुनेच्या हातातून फोन घेतला. "मगे? कळलें? खंयचें बरें?"

"अजून नाही हो, आजोबा. अजून पुष्कळ बाळं बघायचीत."

भाऊंनी फोन परत दिला आणि माझ्याकडे वळले. "अजून खबर ना म्हणटा." जणू उशीर माझ्यामुळेच होत होता.

त्याच दुपारी आम्ही बाळाला घेऊन देवळात गेलो. भटजींनी भाऊंना बघितलं आणि सवयीने पाकळ्या पाण्यात भिजवल्या. "काय प्रश्न घालूं?"

बाळ भाऊंच्या कडेवरून घंटेकडे झेपावत होतं. "कांयच नाका," भाऊ म्हणाले. "नमस्कार करपाक आयल्यात."

भटजी ओल्या पाकळ्या हातात घेऊन तसेच उभे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हे असं का, म्हणून. मी घसा खाकरला, पदर सारखा केला, आणि सुरुवात करणार एवढ्यात भाचीने प्रसादाच्या खोबऱ्याचा मोठा तुकडा माझ्या तोंडात कोंबला. खोबरं चांगलं जून होतं. चावून होईपर्यंत सगळे गाडीत जाऊन बसले होते.